उत्क्रांतींतील 'उत्'

एक चित्र बहुतेक प्रत्येक सुशिक्षित घरांत केव्हांना केव्हां येऊन गेलेलें असतें. डाव्या कडेला हात जमिनीला टेकीत चाललेला एक वानर. त्याच्या पुढें जरासा उठलेला दुसरा. मग पोक काढून चालणारा, अंगभर केस असलेला तिसरा. आणि असें करतां करतां अगदीं उजव्या कडेला ताठ मानेनें पुढें पाऊल टाकणारा मनुष्य. शाळेंतील पुस्तकांत, वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांत, नाना वस्तूंच्या जाहिरातींत हें चित्र आपण पाहिलें आहे. आणि 'उत्क्रांति' हा शब्द कोणीं उच्चारला कीं तेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याचें मूळ १९६५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या एका पुस्तकांत आहे. रुडॉल्फ झालिंगर नांवाच्या चित्रकारानें त्यांत पंधरा आकृति एका ओळींत काढल्या होत्या. ह्यांतील कांहीं आकृति आडशाखेंतल्या प्राण्यांच्या आहेत, आपल्या पूर्वजांच्या नव्हेत, असा खुलासा सोबतच्या मजकुरांत होता. परंतु चित्र पाहणारा मनुष्य मजकूर सहसा वाचीत नाहीं.

श्रोतेहो, ह्या चित्राविरुद्ध माझी तक्रार अशी आहे कीं, तें ज्या सिद्धांताचें चित्र म्हणून दाखविलें जातें, त्या सिद्धांताच्या तें बरोबर उलट आहे. डार्विननें शिडी मोडली. चित्रकारानें ती पुन्हां उभी केली. ही चूक केवळ प्राणिशास्त्राच्या वर्गांत राहिली असती तर तिच्याबद्दल रेडिओवर भाषण करण्याचें कारण नव्हतें. पण ती वर्गाबाहेर पडली, कायदेमंडळांत शिरली, न्यायालयांत आणि इस्पितळांत गेली, आणि तिच्यापायीं लाखों माणसांना दुःख भोगावें लागलें.

आपल्या भाषेनेंहि ह्या गैरसमजाला थोडा हातभार लावलेला आहे. 'उत्' म्हणजे वर, आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणें. तेव्हां उत्क्रांति म्हणजे पायरी चढणें, असा अर्थ शब्दांतच येऊन बसला. तत्त्वज्ञानाच्या जुन्या ग्रंथांत हा शब्द जीव देह सोडून जातो त्या क्रियेला लावलेला आढळतो. दुसरा शब्द 'विकास'. तो कळीकडून फुलाकडे नेणारा. फूल जसें कळींत आधींच मिटून ठेवलेलें असतें, तसें पुढचें सगळें पहिल्या जीवांत ठरलेलेंच होतें, असें त्यावरून वाटूं लागतें. इंग्रजी शब्दाची गत ह्याहून बरी नाहीं. 'इव्होल्यूशन' म्हणजे मूळ लॅटिन अर्थानें गुंडाळलेली पोथी उलगडणें. आणि गुंडाळलेल्या पोथीचें शेवटचें पान अगोदरच लिहिलेलें असतें. डार्विनच्या ग्रंथाच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तींत हें नाम येत नाहीं. ग्रंथाचा अगदीं शेवटचा शब्द तेवढा त्या धातूपासून झालेला आहे. नाम शिरलें तें १८७२ च्या सहाव्या आवृत्तींत. त्याचा स्वतःचा आवडता प्रयोग होता 'फेरफारांसहित वंशपरंपरा'. प्रयोग रुक्ष खरा, पण त्यांत 'वर' नाहीं आणि 'खालीं' नाहीं.

शिडीची कल्पना मात्र फार जुनी. ॲरिस्टॉटलनें वनस्पतींपासून मनुष्यापर्यंत जीवांची चढती मांडणी केली होती. पुढें ख्रिस्ती पंडितांनीं तिच्या वरच्या टोकाला देवदूत आणि ईश्वर जोडून ती पुरी केली. आपल्याकडे चौऱ्यांशीं लक्ष योनींचा फेरा आहे, आणि त्या फेऱ्याच्या शेवटीं दुर्लभ असा नरजन्म आहे. दशावतारांत आधीं मासा, मग कांसव, मग वराह, मग अर्धा सिंह व अर्धा मनुष्य, मग बटु असा क्रम येतो. आणि तो पाहून डार्विनचा सिद्धांत आपल्या पूर्वजांस ठाऊकच होता असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ प्रत्येक सभेंत एक तरी भेटतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतु नाहीं. अवतारकल्पना ज्या प्रश्नाचें उत्तर आहे तो प्रश्नच निराळा आहे. जगांत धर्माला ग्लानि आली असतां ईश्वर काय करतो, हा तो प्रश्न. मासा कोणत्या प्राण्याचा वंशज, हा तो नव्हे. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त उत्क्रांतिवादाची तुलना सांख्यांच्या सृष्टिक्रमाशीं केली, आणि ती अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तथापि सांख्यांचा क्रमहि अव्यक्तापासून व्यक्तापर्यंत, सूक्ष्मापासून स्थूलापर्यंत उलगडत जाणारा क्रमच आहे. क्रम म्हटला कीं पायऱ्या आल्या.

प्राण्यांच्या जाति बदलतात हें डार्विनच्या आधींहि सांगितलें गेलें होतें. फ्रान्समध्यें लामार्कनें १८०९ सालीं, म्हणजे डार्विनच्या जन्माच्याच वर्षीं, तें मोठ्या धैर्यानें सांगितलें. पण लामार्कनें जुन्या शिडीला फक्त गति दिली. त्याच्या मतें साधे जीव सतत नव्यानें उत्पन्न होत असतात आणि पिढ्यान् पिढ्या वर वर चढत असतात. आजचा कृमि हा उशिरां निघालेला प्रवासी, इतकेंच. हल्लीं मोठ्या दुकानांतून सरकते जिने असतात; लामार्कची जीवसृष्टि म्हणजे तसला एक जिना होय.

डार्विन 'बीगल' जहाजावरून १८३६ च्या ऑक्टोबरांत परत आला. पुढच्या उन्हाळ्यांत, १८३७ सालीं, त्यानें एक टिपणवही सुरू केली, आणि तिच्या एका पानावर लहानशी रेखाकृति काढली. तळाशीं एक रेघ, तिला फांटे, त्या फांट्यांना पुन्हां फांटे. कांहीं फांटे मध्येंच खुंटलेले, कांहीं पानाच्या कडेपर्यंत पोंचलेले. आकृतीवर, मला असें वाटतें, एवढ्याच अर्थाचे दोन शब्द. माझ्या मतें मानवी विचारांच्या इतिहासांत ह्या कागदाइतके मोलाचे कागद फार थोडे आहेत. कारण येथें रांग संपली आणि झाड आलें. बावीस वर्षांनीं ग्रंथ निघाला तेव्हां त्यांत एकच चित्र होतें, आणि तें अशाच फांद्यांचें होतें.

झाड आलें म्हणजे काय झालें? नातें बदललें. रांगेंत पुढचा मागच्याला मागें टाकतो. झाडावर दोन फांद्या एकमेकींच्या बहिणी असतात. 'माणूस माकडापासून झाला, तर माकडें अजून कां आहेत?' हा प्रश्न आपण पुष्कळदां ऐकतों. माझा चुलतभाऊ माझा आजोबा नव्हे, आणि मी जन्मलों म्हणून त्यानें नाहींसें होण्याचें कारण नाहीं, एवढेंच त्याचें उत्तर. चिंपांझी आणि मनुष्य ह्यांचे समाईक पूर्वज सुमारें साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीं होऊन गेले. त्यांच्यापासून निघालेल्या दोन्ही घराण्यांना तेव्हांपासून आजवर सारखाच काळ लोटलेला आहे. तोहि आपल्याइतकाच आजचा आहे. मनुष्याच्या घराण्यांतहि एकामागून एक अशी रांग नव्हती. लाखभर वर्षांपूर्वीं ह्या पृथ्वीवर आपल्याखेरीज निअँडरथल मानव होता, आशियांत डेनिसोव्हन मानव होता, आणि इंडोनेशियांतील फ्लोरेस बेटावर हातभर उंचीचा नसला तरी जेमतेम साडेतीन फूट उंचीचा एक मानव होता, ज्याचीं हाडें २००३ सालीं सांपडलीं. ही सगळी भावकी एकाच वेळीं नांदत होती. इतर शाखा तुटल्या आणि एक उरली, म्हणून उरलेलीला आपण शेंडा समजूं लागलों.

येथें आपल्या 'जाति' ह्या शब्दाविषयीं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. वाघ आणि सिंह ह्यांच्या भेदालाहि आपण 'जाति' म्हणतों आणि एकाच गल्लींत राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या भेदालाहि तोच शब्द लावतों. पहिला भेद निसर्गाचा, दुसरा माणसाचा. पण शब्द एक असल्यामुळें दुसराहि निसर्गाचाच असावा असा भास होत राहतो. भाषेच्या अशा गांठी सोडविण्यास शास्त्राला फार दिवस लागतात.

झाड कसें वाढतें ह्याचा खुलासा डार्विनला १८३८ च्या शरदृतूंत मिळाला. मनरंजनासाठीं म्हणून त्यानें माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध हातीं घेतला. जन्मणाऱ्यांची संख्या जगूं शकणाऱ्यांच्या संख्येपेक्षां नेहमीं फार मोठी असते, हें तेथलें सूत्र. त्याला डार्विननें दोन साध्या गोष्टी जोडल्या: एकाच आईबापांचीं लेंकरें अगदीं सारखीं नसतात, आणि त्यांच्यांतील पुष्कळ भेद त्यांच्या संततींत उतरतात. मग ज्या भेदामुळें त्या ठिकाणीं, त्या काळीं, जगणें व प्रजा होणें थोडें सोपें जातें, तो पुढच्या पिढींत थोडा अधिक आढळणारच. हीच नैसर्गिक निवड. निवडणारा कोणी नाहीं. चाळणी आहे, चाळणारा हात नाहीं. वीस वर्षें हें सारें त्याच्या टेबलाच्या खणांत राहिलें. १८५८ च्या जूनमध्यें मलायाच्या बेटांतून आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्याचें पत्र आलें, आणि तापानें फणफणत असतां त्यालाहि हीच कल्पना सुचली होती असें दिसून आलें. दोघांचे लेख १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत वाचले गेले. दोघेहि हजर नव्हते. वॉलेस हजारों मैल दूर, आणि डार्विनच्या घरांत तान्ह्या मुलाचा नुकताच मृत्यु झालेला. त्या संस्थेच्या अध्यक्षांनीं पुढच्या वर्षीं सरत्या सालाचा आढावा घेतांना, ह्या सालांत विशेष क्रांतिकारक असा शोध लागला नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले!

आतां 'योग्य' ह्या शब्दाकडे वळूं. 'योग्यतमाचा टिकाव' हे शब्द डार्विनचे नव्हेत. ते हर्बर्ट स्पेन्सरनें १८६४ सालीं वापरले. वॉलेसनें आग्रह केला, आणि १८६९ च्या पांचव्या आवृत्तींत डार्विननें ते स्वीकारले. माझ्या मतें ह्या थोर पुरुषानें आयुष्यांत केलेली ही मोठी चूक. कारण 'योग्य' म्हटलें कीं लायक, श्रेष्ठ, चांगला, हे अर्थ त्याच्यामागून आलेच. निसर्गांतील योग्यता कसली असते तें एका पतंगाच्या गोष्टीवरून पाहूं.

इंग्लंडांत झाडांवर बसणारा एक निशाचर पतंग आहे. पांढऱ्या पंखांवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. दगडफुलानें मढलेल्या फांदीवर तो बसला कीं पक्ष्यांना दिसत नाहीं. १८४८ सालीं मँचेस्टरांत त्याचा एक काळाकुट्ट भाऊबंद नोंदला गेला. गिरण्यांच्या धुरानें झाडें काळीं पडत चाललीं होतीं. दगडफूल मरत होतें. १८९५ पर्यंत त्या शहराच्या परिसरांत शेंकडा सुमारें ९८ पतंग काळे होते. १९२४ सालीं हाल्डेन ह्यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, काळ्याचा फायदा थोडाथोडका नव्हे, पांढऱ्याच्या जवळजवळ दीडपट असला पाहिजे. (हेच हाल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन स्थायिक झाले, आणि १९६४ सालीं भुवनेश्वरांत वारले.) मग १९५६ सालीं इंग्लंडांत हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. काजळी धुऊन गेली, दगडफूल परत आलें, आणि काळा पतंग हळूहळू दुर्मिळ झाला. पक्षी खरोखरच असे वेंचून खातात कीं नाहीं ह्याबद्दल मध्यंतरीं पुष्कळ वाद माजला होता. तेव्हां मायकेल मॅजेरस ह्या शास्त्रज्ञानें २००१ पासून २००७ पर्यंत केंब्रिजजवळच्या आपल्या बागेंत चार हजारांवर पतंग सोडून स्वतः पहारा केला, आणि पक्षी पाहिले. त्यांच्या मृत्यूनंतर २०१२ मध्यें तो वृत्तांत त्यांच्या सहकाऱ्यांनीं छापला. काळेपणा ज्या जनुकीय फेरफारामुळें आला तोहि २०१६ मध्यें सांपडला.

तर मग सांगा, योग्य कोण? काळा कीं पांढरा? काळा शंभर वर्षें योग्यतम होता, आणि पुढच्या पन्नास वर्षांत अयोग्य ठरला. त्याच्यांत कांहींच बदललें नव्हतें. बदललें होतें तें गिरणीचें धुराडें. आपल्या नंदुरबार आणि गडचिरोलीकडील आदिवासी वस्त्यांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार आढळतो, त्याचीहि कथा अशीच. त्याचें जनुक आई व बाप दोघांकडून आलें तर मूल आयुष्यभर वेदना सोसतें. एकाकडूनच आलें तर तेंच जनुक हिवतापापासून कांहींसें रक्षण करतें. १९५४ सालीं ॲलिसन ह्या डॉक्टरानें पूर्व आफ्रिकेंत हें दाखवून दिलें. हिवताप असलेल्या रानांत तें राखण करणारें. हिवताप गेलेल्या गांवीं नुसतें ओझें. त्याला चांगलें म्हणावें कीं वाईट, हें निसर्गाला विचारून कळणार नाहीं.

निवडीला दिशाहि नाहीं. माणसाच्या आंतड्यांत राहणाऱ्या पट्टकृमीला तोंड नाहीं, जठर नाहीं. त्याच्या पूर्वजांपाशीं असलेलें त्यानें गमावलें, कारण आयतें पचलेलें अन्न त्याला कातडींतूनच मिळतें. अंधाऱ्या गुहांतील माशांचे डोळे गेले. तेहि उत्क्रांतीनेंच गेले. मग शंका येते कीं, साध्या जीवाणूंपासून निघून हत्ती आणि मनुष्य झाले हें तर खरेंच ना? खरेंच. पण स्टीफन जे गूल्ड ह्यांनीं १९९६ सालीं ह्याचा जो उलगडा केला तो मला पटतो. झिंगलेला मनुष्य झोंकांड्या खात चालला आहे. त्याच्या एका बाजूला भिंत आहे, दुसरी बाजू मोकळी आहे. त्याला कोठेंच जावयाचें नसलें तरी केव्हांना केव्हां तो भिंतीपासून दूर गेलेला आढळेल, कारण भिंतींतून त्याला पलीकडे जातां येत नाहीं. जीवनाचा प्रारंभ त्या भिंतीशीं झाला. ह्याहून साधें कांहीं असूं शकत नव्हतें. मोकळ्या बाजूला कांहीं शाखा भरकटल्या. बहुतेक जीवसृष्टि आजहि भिंतीशींच आहे: जीवाणु साडेतीनशें कोटि वर्षांपूर्वीं होते, आज आहेत, आणि आपण गेल्यावरहि असतील. डार्विननें एका समकालीन ग्रंथाच्या समासांत स्वतःलाच बजावलें होतें कीं, 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द वापरूं नयेत. त्यानें तें पाळलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्णतेकडे होणाऱ्या प्रगतीची भाषा त्याच्या ग्रंथांतहि येते. संवयीच्या शब्दांपासून सुटका त्यालाहि झाली नाहीं. परंतु १८७२ च्या एका पत्रांत, प्राण्यांत प्रगतीची कोणतीहि अंगभूत ओढ नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहून ठेवलें.

जगानें शिडीच धरून ठेवली. डार्विनचाच नातलग फ्रान्सिस गॉल्टन ह्यानें १८८३ सालीं सुप्रजाशास्त्राला नांव दिलें. निसर्ग जें सावकाश आणि निर्दयपणें करतो तें आपण त्वरेनें आणि विचारानें करूं, 'अयोग्यां'ची संतति थांबवूं, असा त्याचा रोख. बोलणें मोठें शास्त्रीय वाटे, आणि त्यावर विश्वास ठेवणारे लोक कांहीं दुष्ट नव्हते. सुधारक होते, डॉक्टर होते, प्राध्यापक होते. १९०७ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा केला. १९२७ सालीं व्हर्जिनियांतील कॅरी बक ह्या तरुण स्त्रीचें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी तिघीहि मंदबुद्धि आहेत असें सांगण्यांत आलें, आणि आठ विरुद्ध एक अशा मतांनीं न्यायमूर्तींनीं तिच्यावर शस्त्रक्रिया करण्यास संमति दिली. कॅरी मंदबुद्धि नव्हतीच, असें पुढें उजेडांत आलें. तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि तें झांकण्यासाठीं तिला संस्थेंत धाडलेलें होतें. ती तान्ही मुलगी आठव्या वर्षीं आजारानें वारली. पण त्यापूर्वीं शाळेंत हुशार मुलांच्या यादींत तिचें नांव लागलेलें होतें. अमेरिकेंत अशा शस्त्रक्रिया साठ हजारांवर लोकांवर झाल्या. १९३३ च्या जर्मन कायद्यान्वयें सुमारें चार लाख लोकांवर झाल्या. आणि तेथें गोष्ट शस्त्रक्रियेवर थांबली नाहीं, हें आपण जाणतों.

ह्या इतिहासांत एक मराठी पान आहे. 'युगान्त'मुळें इरावतीबाई कर्वे ह्यांचें नांव आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. पण त्यांनीं डॉक्टरेट कोठें आणि कशी मिळविली तें थोड्यांस माहीत असतें. १९२७ सालीं बर्लिनमध्यें मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजा ह्यांच्या अभ्यासासाठीं एक संस्था निघाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते, आणि पुढें नाझींच्या धोरणांना ज्यांच्या विद्वत्तेचा आधार झाला ते. ह्या फिशरांच्या हाताखालीं इरावतीबाई संशोधन करीत होत्या. त्यांना जो विषय मिळाला तो असा: मनुष्याची कवटी डावीउजवीकडे अगदीं समान नसते, ही असमानता युरोपियनांत अधिक असावी, आणि तिचा संबंध त्यांच्या तर्कबुद्धीच्या वरचढपणाशीं असावा, अशी गुरूंची कल्पना. युरोपांतील आणि आफ्रिकेसारख्या वसाहतींतून आणलेल्या मिळून सुमारें दीडशें कवट्या ह्या विद्यार्थिनीनें मोजल्या. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्याच समोर, त्यांनीं लिहून दिलें कीं, असमानता सर्वांतच आहे आणि तिचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं. तेव्हां त्यांनीं पंचविशीहि गांठलेली नव्हती. पदवी मिळाली. त्या दीडशें मृतांपैकीं कोणीहि आपली कवटी राजीखुशीनें बर्लिनला पाठविली नव्हती, हेंहि ह्या पानावर लिहून ठेवलें पाहिजे. पुढें १९७२ सालीं रिचर्ड लेवॉन्टिन ह्यांनीं रक्तांतील प्रथिनांवरून हिशेब केला, तेव्हां मनुष्यामनुष्यांतील एकंदर भेदांपैकीं शेंकडा सुमारें ८५ भेद एकाच जनसमूहाच्या आंत सांपडतात, समूहासमूहांत नव्हे, असें आढळलें.

आतां तत्त्वज्ञानाचा प्रश्न. निसर्गांत वर-खालीं नाहीं, चांगलें-वाईट नाहीं, तर तें आहे तरी कोठें? आपल्या अंगणांत चिखलाचीं घरटीं बांधणारी कुंभारीण माशी असते. ती अळी पकडून आणते, घरट्यांत कोंडते आणि तोंड लिंपून टाकते. कांहीं दिवसांनीं त्यांतून कुंभारीणच बाहेर पडते. अळीनें माशीचें ध्यान केलें, म्हणून ती माशी झाली, असा आपल्याकडे दृष्टांत आहे, आणि भक्तीच्या दृष्टीनें तो सुंदर आहे. प्रत्यक्षांत माशी अळीला दंश करून लुळी करते, मारीत नाहीं, म्हणजे मांस ताजें राहतें. घरट्यांत घातलेल्या अंड्यांतून निघालेलें तिचें पिल्लूं त्या जिवंत अळीला खात खात वाढतें. अशाच प्रकारच्या एका माशीचें उदाहरण देऊन डार्विननें १८६० सालीं आपल्या अमेरिकन मित्राला लिहिलें होतें कीं, दयाळू परमेश्वरानें ही योजना हेतुपुरस्सर केली असेल असें मानणें त्याला जड जातें. आपण त्या घरट्यांत भक्ति पाहिली, डार्विनला क्रौर्य दिसलें. मला वाटतें, तेथें दोन्ही नाहींत. माशी आहे, अळी आहे, आणि पाहणारा मनुष्य आहे.

हें सर्वांत स्वच्छपणें सांगितलें तें टॉमस हक्स्लेनें. डार्विनची बाजू घेऊन जन्मभर भांडलेल्या मनुष्यानें. १८ मे १८९३ रोजीं ऑक्सफर्ड येथें 'उत्क्रांति आणि नीति' ह्या विषयावर त्यानें व्याख्यान दिलें. त्यांत त्यानें कर्मसिद्धांताचा आणि बौद्धमताचाहि परामर्श घेतला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, समाजाची नैतिक प्रगति विश्वक्रमाचें अनुकरण करण्यांत नाहीं, आणि त्याच्यापासून पळून जाण्यांतहि नाहीं, त्याच्याशीं झुंजण्यांत आहे. पुढच्या वर्षीं ह्या भाषणाला जोडलेल्या प्रस्तावनेंत त्यानें बागेचा दृष्टांत घेतला. बाग निसर्गाच्याच मातींत, निसर्गाच्याच पाण्यावर उभी राहते. पण माळ्यानें हात आंखडला कीं चार वर्षांत तेथें रान माजतें. क्रोपोट्किननें उलट बाजूनें १९०२ सालीं 'परस्पर साहाय्य' हा ग्रंथ लिहिला, आणि पशुपक्षी एकमेकांना मदत करतात म्हणून मनुष्यानेंहि करावी असें सुचविलें. हा ग्रंथ मला प्रिय आहे, आणि त्यांतील निरीक्षणें खोटीं नाहींत; पण चूक मात्र गॉल्टनच्याच घराण्यांतली, मन तेवढें अधिक प्रेमळ.

हक्स्लेला एक आक्षेप घेतां येतो. झुंजणारा माळी आला कोठून? त्याची सदसद्विवेकबुद्धिहि त्याच झाडाचें पान नव्हे काय? वॉलेसला हा प्रश्न इतका टोंचला कीं, १८६९ सालीं त्यानें मनुष्याचें मन नैसर्गिक निवडीच्या बाहेर ठेवलें. गणित आणि संगीत ह्यांचा रानांत काय उपयोग, असें तो विचारूं लागला. त्या लेखाच्या समासांत डार्विननें 'नाहीं' असें लिहून पुढें उद्गारचिन्हें काढलीं. १८७१ च्या ग्रंथांत त्यानें स्वतःचें उत्तर दिलें: कळपानें राहण्याची ओढ आणि आपल्या गत कृत्यांची आठवण हीं दोन्ही ज्या प्राण्यापाशीं आहेत, त्याला पश्चात्ताप होणारच, आणि पश्चात्तापापासून नीति सुरू होते. माझा कल डार्विनकडे आहे. आणि त्यानें नीतीचें मोल कमी होतें असें मला वाटत नाहीं. मोजण्याची शक्तिहि आपल्याला पूर्वजांकडूनच आली. झाडावर फळें किती आणि शत्रु किती हें कळण्यापुरतीच ती प्रथम असेल. म्हणून मूळसंख्या अनंत आहेत ही गोष्ट खोटी ठरत नाहीं. इरावतीबाईंची बुद्धिहि त्याच वाटेनें आलेली होती, आणि तिनें गुरूंचें अनुमान पारखून बाजूला ठेवलें.

डार्विनचा शेवटचा ग्रंथ १८८१ च्या ऑक्टोबरांत निघाला, मृत्यूच्या सहा महिने आधीं. विषय होता गांडुळें. मराठींत 'गांडूळ' ही शिवी आहे. कणा नसलेल्या मनुष्याला आपण ती देतों. ह्या प्राण्यासाठीं डार्विननें १८४२ सालीं घराजवळच्या शेतांत खडूचे तुकडे पसरून ठेवले होते आणि एकोणतीस वर्षें वाट पाहिली होती. १८७१ सालीं चर खणला तेव्हां पांढरी रेघ सात इंच खालीं सांपडली. वरची सात इंच माती गांडुळांनीं आणून टाकलेली. म्हातारपणीं त्यानें मातीच्या कुंड्यांत गांडुळें भरून घरांत ठेवलीं. शिट्टी वाजविली, त्यांना पत्ता नाहीं. मुलानें बसून नावाचें वाद्य मोठ्यानें वाजविलें, तेंहि त्यांनीं मनावर घेतलें नाहीं. मग कुंड्या पिआनोवर ठेवल्या आणि खर्जांतला एक सूर दाबला. लांकडांतून कंप मातींत गेला, आणि गांडुळें चटकन् आपापल्या बिळांत शिरलीं.